एका चकरेसाठी चार दिवस : नुर्बुर्गरिंग

दिवस पहिला, गुरुवार

मेहुणा जर्मनीत नोकरीला लागल्यापासून त्याची एकच टेप चालू होती, दाजी तुम्ही एकदा या, आपण रिंगला, म्हणजे नुर्बुर्गरिंगच्या रेसिंग ट्रॅकला जाऊ. शेवटी योग आला. बायकोचं म्हणणं होतं की गाड्या गोल गोल फिरताना बघायला सुट्टी कोण घालवतं, मी तिला समजावलं की अगं ते गोल नाहीये, डोंगरात वर खाली जाणारा वीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे, तर म्हणाली मग सरळ घाट म्हण की. मी हसलो तेव्हा. चार दिवसांनी मात्र मान्य करावं लागलं की माझ्या पाच वर्षांच्या यूट्यूब अभ्यासापेक्षा तिचा तो एक शब्द जास्त बरोबर होता.

कोलोनहून गाडीने दीड तास लागला. हायवे सुटला की आयफेलचे डोंगर चालू होतात, आणि कोलोनमध्ये चांगलं ऊन होतं ते इथे कुठे गेलं काही कळलं नाही, ढग एकदम झाडांच्या शेंड्यावर. नुर्बुर्ग हे गाव म्हणजे दीड-दोनशे वस्ती, आणि वर टेकडीवर बाराव्या शतकातला पडका किल्ला. सामान टाकलं आणि आधी किल्ल्यावर गेलो. बुरुजावरून एका बाजूला फॉर्म्युला वनसाठी बांधलेला नवा ट्रॅक, प्रेक्षकांचे स्टँड, हॉटेलं असं सगळं दिसतं, आणि दुसऱ्या बाजूला फक्त जंगल. जुना ट्रॅक, म्हणजे नॉर्डश्लाइफे (उत्तरेकडचा वळसा), त्या जंगलात आहे. दिसत नाही, पण गुरगुर ऐकू येते. मधेच जवळ येते, मग डोंगरामागे जाते, मग भलत्याच दिशेने परत ऐकू येते. ट्रॅक किल्ल्याला आणि आसपासच्या तीन-चार गावांना पूर्ण वळसा घालून येतो, म्हणजे आम्ही उभे होतो तेच मुळात ट्रॅकच्या पोटात.

हे सगळं इथे का बांधलं, असं बायकोने विचारलं आणि मेहुण्याला तेवढंच हवं होतं. आयफेल भाग त्या काळात प्रचंड गरीब, ‘प्रशियाचा सायबेरिया’ म्हणायचे. खडकाळ जमीन, थंडी, कारखाने नाहीत. १९२२ मध्ये इथल्या साध्या गावरस्त्यांवर आयफेलची पहिली रेस झाली, पण रस्ते अरुंद, धूळ, लोक कडेला उभे, ते काही खरं नव्हतं. मग आडेनाउ जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी ओट्टो क्रॉइट्झ यांनी डोकं लावलं की बेकारांना काम द्यायच्या सरकारी योजनेतून एक कायमचा ट्रॅक बांधू. रेस तर होतीलच, शिवाय जर्मन कंपन्यांना गाड्या टेस्ट करायला जागा मिळेल आणि येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे गावाचं पोट भरेल. कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनीही पाठिंबा दिला, हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले. १९२५ च्या सप्टेंबरमध्ये काम सुरू, गावोगावचे हजारो बेकार कामावर, आणि १९२७ च्या जूनमध्ये ट्रॅक तयार. पावणेदोन वर्षं फक्त! आणि ते सुद्धा उत्तरेचा वळसा तेव्हा २२.८ किलोमीटर, दक्षिणेचा साडेसातच्या वर, दोन्हींतला सामाईक तुकडा एकदाच धरला तर सगळा मिळून २८ किलोमीटर.

म्हणजे रोजगार हमीचं काम होतं हे, असं मी म्हणालो. मेहुणा म्हणाला, हो दाजी, आणि पहिल्या दिवसापासून रेस नसेल तेव्हा टोल भरून कोणीही आपली गाडी घालू शकत होतं. हे वाक्य मी तेव्हा फार मनावर घेतलं नाही.

१८ जून १९२७ ला पहिली रेस झाली ती मोटरसायकलींची, दुसऱ्या दिवशी गाड्यांची, त्यात मर्सिडीजमधून रुडोल्फ काराचिओला जिंकला. बायकोने फोनवर शोधून काढलं की त्याच वर्षीच्या जर्मन ग्रां प्रीमध्ये एलिश्का युंकोवा नावाची चेक बाई बुगाटी घेऊन उतरली होती आणि तिने आपल्या क्लासमध्ये, म्हणजे तेवढ्याच इंजिनच्या गाड्यांच्या गटात, सगळ्या पुरुषांना मागे टाकलं. पुढच्याच वर्षी तिचा नवरा चेन्येक याच ट्रॅकवर रेसमध्ये अपघातात वारला, आणि तिने रेसिंग सोडलं. किल्ल्यावरून उतरताना कोणी फार बोललं नाही, थंडी पण वाजत होती म्हणा.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी खिडकीबाहेर काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, पांढरं. समोरचं घर दिसेना. अशा धुक्यात १९६८ ची जर्मन ग्रां प्री झाली होती, पाऊस आणि धुकं दोन्ही, आणि जॅकी स्ट्युअर्ट मनगटाला दुखापत असताना गाडी चालवून चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. आज सेकंदाच्या हजाराव्या भागावर भांडतात लोक, आणि इथे चार मिनिटं. ‘हिरवा नरक’ हे नाव त्यानेच दिलेलं. जिंकणाऱ्याने शिवी द्यावी आणि ती जागेच्या लोकांनी अभिमानाने टीशर्टवर छापावी, गावातल्या दुकानात कपापासून टोपीपर्यंत सगळ्यावर तेच.

धुकं जाईपर्यंत मोठ्या स्टँडकडे गेलो. तिथे जुना पॅडॉक अजून आहे, लाकडी दारांच्या छोट्या छोट्या गॅरेजांचं चौकोनी आवार, मला रेसच्या गाड्यांपेक्षा घोड्यांच्या तबेल्यासारखंच वाटलं. १९३५ साली जर्मन सरकारच्या पैशावर फुगलेल्या मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या गाड्यांसमोर ताझिओ नुवोलारी जुनाट, कमी ताकदीची अल्फा रोमिओ घेऊन आला होता. शेवटच्या लॅपला (चकरेला) पुढे असलेल्या मर्सिडीजच्या फॉन ब्राउखिचचं टायर फुटलं आणि नुवोलारी जिंकला. बाकीचे सगळे जर्मन गाडीवाले त्याच्या मागे. नाझी अधिकाऱ्यांची तोंडं काय झाली असतील ते बघायला मी पैसे दिले असते.

आणि मग बाहेर आलं की एकदम मॉल. खरंच मॉल. २००९ पर्यंत इथे करमणूक केंद्र, हॉल, हॉटेलं, आणि जगातला सगळ्यात वेगवान ठरेल असा रोलर कोस्टर उभारायचं ठरलं, ताशी २१७ किलोमीटर. पैसा राज्य सरकारच्या जोरावर, तीस कोटी युरोंच्या वर. खासगी गुंतवणूकदार येणार होता तो आलाच नाही, राज्याच्या अर्थमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, २०१२ मध्ये रिंग चालवणारी सरकारी कंपनी दिवाळखोरीत, आणि दोन वर्षांनी सगळा ट्रॅक खासगी हातात विकला गेला. रोलर कोस्टरचं तर हसावं की रडावं, आधी यंत्रणेत स्फोट झाले, मग चार वर्षं बंद, मग ३१ ऑक्टोबर २०१३ ला एकदाचा सुरू झाला आणि चार दिवसांत कायमचा बंद. चार दिवस! आमची ट्रिप तेवढीच. रस्त्यावर वीस किलोमीटरचा अस्सल रोलर कोस्टर फुकटात पडलेला असताना शेजारी लोखंडी कशाला बांधला, हा बायकोचा प्रश्न, आणि त्याला उत्तर नाही.

नवा ग्रां प्री ट्रॅक मात्र त्या आधीचा, १९८४ चा. उद्घाटनाला एकसारख्या मर्सिडीज १९० मध्ये त्या काळचे दिग्गज बसवले होते, लाउडा होता, प्रॉस्ट होता, रॉयटमान होता, आणि जिंकला फॉर्म्युला वनमध्ये नुकताच आलेला एक पोरगा, आयर्टन सेन्ना. हा ट्रॅक चांगला आहे, साडेचार किलोमीटरचा होता तो २००२ ला वाढवून ५.१४८ केला, रुंद आहे, वळणाबाहेर भरपूर मोकळी जागा. पण खरं सांगू का, कुठलाही वाटतो. स्टँडमध्ये बसून दहा मिनिटांत माझं लक्ष मागच्या जंगलाकडे. आणि या नव्या ट्रॅकसाठी दक्षिणेचा वळसा जवळजवळ पूर्ण गिळला गेला, त्याचं थोडंफार डांबर तेवढं राहिलंय.

दुपारी ऊन पडलं आणि आम्ही जंगलातून पायी निघालो. आज ट्रॅक गाड्यांच्या कंपन्यांनी टेस्टिंगला घेतलेला, त्यामुळे कुंपणापलीकडून काळ्यापांढऱ्या नागमोडी नक्षीचे स्टिकर चिकटवलेल्या, अजून बाजारात न आलेल्या गाड्या सूं करून जात होत्या. क्रॉइट्झसाहेबांनी टेस्टिंगचा जो हिशेब मांडला होता तो शंभर वर्षांनी पण चालू आहे, इतकं अचूक सरकारी नियोजन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

कारुसेल नावाच्या वळणाला पोचलो. फोटोत दिसतं ते काहीच नाही. वळणाच्या आतल्या बाजूला सिमेंट काँक्रीटचा कलता पन्हाळा आहे, गाडी त्यात अक्षरशः पडते, धडधडधड करत फिरते आणि दुसऱ्या टोकाला बाहेर फेकली जाते. असं सांगतात की मुळात ते पाणी जायचं गटार होतं, काराचिओलाने आतली चाकं त्यात घालून वळण जास्त वेगात घेतलं, मग बाकीचेही घालायला लागले, शेवटी काँक्रीट करून टाकलं. वळणाला काराचिओलाचंच नाव आहे. जवळच २७ टक्के चढाचा एक जुना सरळ तुकडा आहे, गाड्यांचा दम बघायला बांधलेला, त्यावर चालून बघितलं तर माझाच दम बघून झाला.

तिथून बेर्गवेर्क वळणाकडे. बेर्गवेर्क म्हणजे खाण. त्याच्या जरा अलीकडे १ ऑगस्ट १९७६ ला निकी लाउडाची फेरारी बांधाला धडकून पेटली. त्याच लाउडाने त्या आधी या ट्रॅकवर रेस नको असं म्हटलं होतं, आणि त्याच लाउडाने आदल्या वर्षी इथे सात मिनिटांच्या आत लॅप मारून दाखवली होती, फॉर्म्युला वनमधला असा एकटाच. त्याला आगीतून बाहेर काढलं ते मागून आलेल्या ड्रायव्हरांनी, मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल, स्वतःच्या गाड्या थांबवून. सहा आठवड्यांत बँडेज लावलेल्या डोक्यावर हेल्मेट घालून तो इटलीत मोंझाच्या रेसला उतरला आणि चौथा आला.

लोक म्हणतात की त्या अपघातामुळे फॉर्म्युला वन इथून गेलं. मेहुण्याचं म्हणणं, तेवढंच नाही. १९७० लाच ड्रायव्हरांनी इथे यायला नकार दिला होता आणि रेस हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर गेली होती. मग गाडी हवेत उडायची असे उंचवटे कापले, झाडं तोडली, लोखंडी कठडे लावले. पण २२.८ किलोमीटरवर मार्शल किती उभे करणार, अँब्युलन्स किती, आणि टीव्हीचे कॅमेरे किती? साध्या ट्रॅकच्या चारपट माणसं लागणार. त्या जागी उभं राहिलं की पटतं. दोन्ही बाजूला झाडी, पुढचं वळण दिसत नाही, मागचं दिसत नाही. मारिमोन, कॉलिन्स, द बोफोर, मिटर, किती ड्रायव्हर या झाडीत जिवाला मुकले. इथे फलक वगैरे शोधत बसलो नाही, परत फिरलो.

रात्री जेवताना मात्र अर्जेंटिनाच्या फांजिओची गोष्ट. १९५७. वय ४६. मासेराटी, मधे पिटमध्ये (टायर, पेट्रोलच्या जागी) थांबणार असा हिशेब, आणि पिटमध्ये लागला जास्त वेळ. बाहेर पडला तेव्हा पुढे हॉथॉर्न आणि कॉलिन्सच्या फेरारी पाऊण मिनिटाहून पुढे. मग त्याने लॅपमागून लॅप रेकॉर्ड मोडायला सुरुवात केली, ९ मिनिटं १७.४ सेकंद, रेसआधीच्या पात्रता फेरीतल्या स्वतःच्याच सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा आठ सेकंद कमी, आणि शेवटून दुसऱ्या लॅपला दोघांना गाठलं. पाचवं जागतिक विजेतेपद इथेच पक्कं झालं. मेहुणा हे सांगताना मिठाची आणि मिरीची डबी टेबलावर पळवत होता, शेजारच्या टेबलावरचा म्हातारा जर्मन न राहवून म्हणाला, नाही नाही, फेरारी दोन होत्या, आणि स्वतःची मोहरीची बाटली पुढे सरकवली.

दिवस तिसरा, शनिवार

आज पब्लिकचा दिवस. आम्ही गेलो तेव्हा एका चकरेला तीस-पस्तीस युरो होते, कार्डावर भरायचे, अडथळ्याला कार्ड लावायचं, दांडा वर, जा. लायसन्स आणि रस्त्यावर चालवायला पास असलेली गाडी एवढंच लागतं. कागदोपत्री हा एकेरी टोलरस्ताच आहे, नेहमीचे वाहतुकीचे नियम लागू, ओव्हरटेक फक्त डावीकडून, वेळ मोजायला बंदी. कठडा तुटला तर भरपाई तुमच्याकडून, गाडी ओढून न्यायचे पैसे वेगळे. साधी भाड्याची गाडी आणली तर विमा नाही, म्हणून रिंगसाठीच तयार केलेली छोटी हॅचबॅक एका गॅरेजमधून घेतली, आत लोखंडी पिंजरा आणि मागची सीट गायब. म्हणजे दोघांचीच जागा. बायको म्हणाली, मी कठड्याबाहेरून बघते, तुम्ही दोघं जा. मेहुण्याने दोन चकरांचे पैसे भरले.

रांग बघण्यासारखी. आमच्या पुढे पोर्शे, मागे फॅमिली व्हॅन. आणि आमचा नंबर आला तसा दांडा बंद, आत कोणीतरी आपटलं होतं. दीड तास थांबलो. कोणी कुरकुर करत नव्हतं, बॉनेटवर सँडविच काढून बसले सगळे.

मग सुटलो. पहिलंच मोठं वळण साबीने श्मिट्झच्या नावाचं. ती याच गावातली, आईवडिलांचं हॉटेल नुर्बुर्गमध्येच, १९९६ आणि ९७ ला इथली २४ तासांची रेस जिंकली, ती जिंकणारी पहिली बाई, आणि वर्षानुवर्षं पर्यटकांना बीएमडब्ल्यूमध्ये बसवून हाच रस्ता दाखवायची. २०२१ च्या मार्चमध्ये कॅन्सरने गेली.

नंतर हात्झेनबाख नावाची वळणं, डावं उजवं डावं उजवं, मला पोट कुठे आहे ते कळलं. फ्लुगप्लात्झला गाडी हलकी झाली. तिथेच २०१५ मध्ये रेसमधली एक निसान हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक दगावला, त्यानंतर काही काळ रेससाठी वेगमर्यादा होती. श्वेडेनक्रॉइत्झ. मग फुक्सरोरे, कोल्ह्याची नळी, उतारावर गाडी सोडून दिल्यासारखी जाते आणि तळाशी पोचल्यावर कोणीतरी खांद्यावर बसल्यासारखं वाटतं, लगेच समोर चढ. मेहुणा काहीच बोलेना, तो सतत बडबडणारा माणूस गप्प म्हणजे मला जास्त भीती. आरशात दिवे दिसले की उजवा इंडिकेटर देऊन कडेला, पोर्शे जाऊ दे, अजून एक जाऊ दे. डांबरावर लोकांनी रंगाने नावं लिहिलेली, ती वाचता येत होती इतके आम्ही हळू होतो, आणि तरी मी दाराचं हँडल सोडलं नाही.

ब्राइडशाइड हा सगळ्यात खालचा भाग, तिथून होहे आख्टपर्यंत चढच चढ, जवळजवळ तीनशे मीटरचा फरक. बेर्गवेर्कला कालची जागा डोळ्यासमोरून दोन सेकंदात गेली. कारुसेलमध्ये पडलो, दातावर दात आपटले. ब्रुनशेनला कठड्यामागे गर्दी, त्यात बायको हात हलवत होती म्हणे, मला काही दिसलं नाही. फ्लान्झगार्टन, छोटं कारुसेल, गाल्गेनकोफ, आणि मग सरळ रस्ता, संपलं. वेळ मोजली नाही. मोजली असती तरी सांगितली नसती.

२०१८ मध्ये टिमो बेर्नहार्डने पोर्शे ९१९ मधून अख्खी लॅप ५ मिनिटं १९.५४६ सेकंदात केली. त्या आधीचा रेकॉर्ड स्टेफान बेलोफचा, १९८३, सहा मिनिटं अकरा सेकंद, तो पस्तीस वर्षं कोणाला हलला नव्हता. सकाळपर्यंत हे माझ्यासाठी आकडे होते. आता फुक्सरोरे आठवली की बेलोफ तिथून कसा गेला असेल ते डोक्यात बसेना.

दुसऱ्या चकरेला मी बसणार होतो, म्हणजे चालवायला. तेवढ्यात पाऊस. किल्ल्याकडे ऊन आणि आमच्या डोक्यावर पाऊस, त्यावर गॅरेजवाल्याचा नियम की ओल्यात पहिल्यांदा चालवणाऱ्याला गाडी नाही. वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण मनातल्या मनात हुश्श केलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, इतकं बांधलं, इतकं बुडालं, फॉर्म्युला वन आलं आणि गेलं, आणि चालतंय काय तर टोलनाकाच. फॉर्म्युला वन शेवटचं आलं ते २०२० ला, ऑक्टोबरात, शुक्रवारची सगळी प्रॅक्टिस रद्द, कारण धुक्यात मेडिकल हेलिकॉप्टर उडेना. रविवारी हॅमिल्टन जिंकला आणि शूमाकरच्या ९१ विजयांची बरोबरी झाली, शूमाकरच्या मुलाने वडिलांचं हेल्मेट त्याला दिलं. त्यानंतर आजतागायत नाही. आणि आज रांगेत किती गाड्या होत्या ते मी मोजायचं सोडून दिलं होतं.

दिवस चौथा, रविवार

परतीला मुद्दाम आडेनाउवरून आहर नदीच्या खोऱ्यात उतरलो. ब्राइडशाइडला ट्रॅक पुलावरून जातो आणि खालून गावचा साधा रस्ता, आम्ही सिग्नलला उभे आणि डोक्यावरून गाड्या. एक बाई शांतपणे कुत्रा फिरवत होती, तिने वर बघितलं पण नाही.

आहर खोऱ्यात २०२१ च्या जुलैमध्ये भयंकर पूर आला होता, शंभराहून जास्त माणसं गेली, रेल्वे वाहून गेली. तेव्हा रिंगच्या पार्किंगमध्ये आणि पॅडॉकमध्ये अग्निशमन दलाच्या गाड्या, मदतीला आलेली माणसं, देशभरातून आलेलं सामान असा तळ पडला होता. नदीकाठची काही घरं अजून रिकामी आहेत, भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ दिसते. तिथे गाडी हळू केली, थांबलो नाही.

हायवेला लागल्यावर मेहुण्याने खिशातून कार्ड काढून डॅशबोर्डवर ठेवलं. एक चक्कर शिल्लक आहे, सीझन संपेपर्यंत चालते म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, आण इकडे ते, आणि माझं इंटरनॅशनल लायसन्स अजून चालतं का रे?